पडद्यावरची अक्षरं दुरुस्त करताना

मी नोकरीला लागले तेव्हा माण तालुक्यातल्या आमच्या गावात कुणीतरी बातमी उठवली, की धुळाबाची कमल सांगलीत टीव्ही दुरुस्त करते. त्यानंतर मी गावी गेले की कुणाचा ना कुणाचा बंद पडलेला टीव्ही आमच्या दारात येऊन बसलेला असायचा. हे माझं काम नाही असं सांगितलं की लोकांना तो शिष्टपणा वाटायचा. शेवटी माझ्या वडिलांनीच एकाला सुनावलं, "आरं, ती टीव्ही दुरुस्त करत न्हाई. त्यातली अक्षरं दुरुस्त करती."

वडील शाळेत गेले नव्हते. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पण माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन आमच्या कंपनीच्या कार्डावरसुद्धा नव्हतं.

मी टर्मिनल दुरुस्त करायची. आजच्या वाचकाला टर्मिनल म्हटलं की विमानतळ आठवेल, म्हणून सांगते. पूर्वी बँकेत, कारखान्यात, गिरणीत एकच कॉम्प्युटर असायचा आणि तो आतल्या थंडगार खोलीत बंद असायचा. बाहेर टेबलांवर जे दिसायचे ते नुसते पडदे आणि कीबोर्ड. ती टर्मिनलं. त्यांना स्वतःचं डोकं नाही. तुम्ही दाबलेलं अक्षर वायरीतून आत पोचवायचं आणि आतून आलेलं अक्षर पडद्यावर दाखवायचं, एवढंच त्यांचं काम. काळ्या पडद्यावर हिरवी नाहीतर पिवळसर अक्षरं.

पण आतल्या आणि बाहेरच्यानं एकाच चालीनं बोलायला हवं. वेग किती, एका अक्षराला ठोके किती, चूक कळावी म्हणून जादा ठोका लावायचा की नाही, हे दोन्हीकडं सारखं ठरलेलं लागतं. एका बाजूनं जरा वेगळं ठरवलं की पडद्यावर नुसता कचरा. ही सगळी ठरवाठरवी टर्मिनलच्या पोटात असते. एक बटण दाबलं की तिचं पान उघडतं. आम्ही त्याला सेटअप म्हणायचो. माझ्या नोकरीतला बराचसा काळ मी त्या पानावर काढला.

साताऱ्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून मी सांगलीच्या एका सर्व्हिस कंपनीत लागले. तिथं मी एकटीच बाई. मला काम शिकवलं ते यासीनभाईंनी. ते मूळचे रेडिओवाले, मिरजेचे. बोटं लांब, बोलणं कमी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "कमल, पेटी खोलायची घाई करायची न्हाई. खोललेली पेटी बघून गिऱ्हाईकाला वाटतं, लय मोठा बिघाड हाय. आधी बटणं बघ, मग वायर बघ, मग माणूस बघ. पेटी शेवटी."

ह्याचा प्रत्यय मला मार्केट यार्डात आला. तिथल्या हळदीच्या एका अडत्याकडं टर्मिनल होतं आणि ते "गोठतं" अशी त्याची तक्रार होती. सौदे चालू असताना मी पोचले. हळदीच्या यार्डात सगळंच पिवळं असतं, भिंती पिवळ्या, हमालांच्या भुवया पिवळ्या. तसं ते टर्मिनलही पिवळं. पडद्यावर आकडे होते, पण काही दाबलं तरी हलत नव्हतं.

"जळलं का बघा आत काही," अडत्या म्हणाला. त्यानं कव्हर काढायला माणूससुद्धा बोलावून ठेवला होता.

मी कीबोर्डकडं पाहिलं. वरच्या रांगेत अगदी डावीकडं एक बटण असतं, पडदा थांबवून धरायचं. भराभर ओळी पळायला लागल्या तर वाचता याव्यात म्हणून. एकदा दाबलं की पडदा थांबतो, पुन्हा दाबलं की सुटतो. ते बटण हळदीनं खाली चिकटून बसलं होतं आणि शेजारी त्याचा बारका दिवा इमानदारीत जळत होता. मी बटण उपसलं, ब्रश फिरवला, स्पिरिटनं पुसलं, परत बसवलं आणि एकदा दाबलं. मघापासून अडकलेले आकडे धबाधब खाली आले.

अडत्या नाराजच झाला. "एवढंच हुतं व्हय?" असं म्हणाला. आमच्या धंद्यातलं हे कायमचं दुखणं. काम जितकं नेमकं, तितकं ते काहीच न केल्यासारखं दिसतं.

पण माझ्या मनात सगळ्यांत वर जपून ठेवलेलं काम वेगळं आहे. सांगलीपासून तासाभराच्या वाटेवर एका सहकारी बँकेची शाखा होती. तिथं विमलताई नावाच्या एक क्लार्क होत्या. त्यांचे यजमान त्याच बँकेत होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी ताईंना घेतलं होतं. चाळिशीनंतर टायपिंग शिकून त्या टर्मिनलवर बसल्या होत्या. त्यांची तक्रार अशी, की दुपारनंतर पडद्यावरची अक्षरं बारीक होतात.

आमच्याकडचे दोघं जण आधी सकाळी जाऊन, सगळं ठीक आहे असं सांगून आले होते. तोवर ती तक्रार शाखेत विनोद होऊन बसली होती. जेवणाची सुट्टी संपली की कुणीतरी म्हणायचं, "चला, ताईंची अक्षरं बारीक व्हायची वेळ झाली." ताईंच्या हातून दुपारनंतर चुका मात्र होत होत्या. एका खात्यातलं दुसऱ्यात पडत होतं. तिसऱ्या खेपेला मी गेले, तेव्हा मॅनेजरांनी मला आत बोलावून सांगितलं, "मॅडम, टर्मिनल चांगलं आहे की नाही, एकदाच काय ते स्पष्ट सांगा. चांगलं असेल तर मी त्यांना तिथून उठवून टपालाला बसवतो. मलाही वाईट वाटतं, पण लोकांच्या खात्याचा प्रश्न आहे."

ताईंच्या शेजारी स्टूल ओढून मी बसले. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

"आत्ता बरी दिसत्यात," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी आता जाशीला. मग दुपारी हुत्यात बारीक. कुणाला सांगू?"

"मी नाही जायची," मी म्हटलं. "दुपारपर्यंत बसते."

सकाळभर मी बसून राहिले. ताई सावकाश पण नीट काम करत होत्या. जेवणाच्या आधी त्यांनी एक तक्ता काढला. मुख्य कचेरीला रोज पाठवायचा लांबरुंद तक्ता होता तो, आणि शाखेत तो काढायचं काम ताईंकडंच होतं. तो पडद्यावर आला आणि मी सरळ होऊन बसले.

टर्मिनलच्या एका ओळीत ऐंशी अक्षरं मावतात. पण रुंद तक्ता दाखवायचा असेल तर आतला कॉम्प्युटर टर्मिनलला हुकूम देऊ शकतो, की आता एकशे बत्तीस बसव. पडदा तेवढाच, मग अक्षरं आवळून बारीक होतात. तक्ता संपला की परत ऐंशीवर यायचा हुकूम द्यायचा असतो. ज्यानं कुणी त्या तक्त्याचा प्रोग्राम लिहिला होता, तो हा दुसरा हुकूम द्यायला विसरला होता. रात्री टर्मिनल बंद केलं की सकाळी ते आपोआप ऐंशीवर यायचं, म्हणून सकाळी सगळं ठीक दिसायचं. ताईंनी तक्ता बंद केला, खात्याचं नेहमीचं पान उघडलं, आणि त्या पानावरची अक्षरं मुंग्यांएवढी झालेली होती.

"ही बघा," ताई म्हणाल्या.

"बघितली," मी म्हटलं. "ताई, तुम्ही म्हणत होता ते शब्दाला शब्द खरं आहे."

पदरानं त्यांनी पडद्याची काच पुसली, ती स्वच्छच होती. मग कुणाकडं न बघता म्हणाल्या, "म्हंजी मी येडी न्हवते."

मी मॅनेजरांना बाहेर बोलावून त्यांच्यासमोर तक्ता पुन्हा काढून दाखवला. माणूस सरळ होता. त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिलं आणि सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, की चूक ताईंची नाही. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचा एक तरुण क्लार्क म्हणाला, "साहेब, मागं ताई रजेवर होत्या, तेव्हा तक्ता मी काढला होता. माझीही झाली होती बारीक."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळे त्यांना हसत होते. म्हटलं, आपलं नाव कशाला त्यात."

तक्ता लिहिणाऱ्याकडून दुरुस्ती यायला वेळ लागणार होता. तोवरचा उपाय मी ताईंच्या बोटांत घातला. सेटअपचं बटण, बाण, एंटर, की अक्षरं पुन्हा मोठी. उजेड त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून पडद्यावर यायचा, म्हणून पडद्याचे रंगही उलटे करून दिले, उजळ पडद्यावर काळी अक्षरं. त्या पेटीच्या पोटात ही सोय पहिल्या दिवसापासून होती. कुणी तिथवर गेलं नव्हतं एवढंच. विमलताई पुढं त्याच टेबलावरून निवृत्त झाल्या. समारंभाला त्यांनी मला बोलावलं, आणि जावयाशी माझी ओळख करून देताना म्हणाल्या, "ही आमच्या बँकेतली न्हवं, पण माझी बाजू घेणारी ही पहिली."

मी खरं तर कुणाची बाजू घेतली नव्हती, दुपारपर्यंत बसले होते. पण तो शब्द मी परत केला नाही.

मग टर्मिनलांचे दिवस संपले. ज्या बँकांत आम्ही ती नांदवली, तिथूनच ती उचलून नवे कॉम्प्युटर बसवायचं काम आमच्याकडं आलं. मी स्वतःच्या हातांनी वायरी सोडवल्या. भंगाराच्या टेम्पोत ती एकमेकांवर फेकताना काचेचा आवाज व्हायचा, तो मला ऐकवत नसे. मी मुद्दाम आत कामात राहायची. कंपनी बंद झाली. यासीनभाई घरी बसले आणि काही वर्षांनी गेले. मी वजनकाटे दुरुस्त करायला लागले आणि त्यातूनच निवृत्त झाले. काटेही चांगले. पण अक्षरांची गंमत आकड्यांना नाही.

त्यामुळं गेल्या हिवाळ्यात यासीनभाईंच्या मुलाचा, सलीमचा फोन आला, तेव्हा मला आधी तो चेष्टा करतोय असं वाटलं. सलीमचं मिरजेत मोबाइलचं दुकान आहे. "आपा, कराडकडून एका डेअरीचा फोन आला होता," तो म्हणाला. "टर्मिनल लावणारा माणूस पाहिजे म्हणतायत. अब्बांचं नाव कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं अब्बा नाहीत, पण आपा आहे."

मलकापूरच्या पुढं असलेल्या त्या डेअरीत दुधाची पावडर करायचं एक परदेशी यंत्र आहे. जुनं, पण धडधाकट. त्याचं तापमान नि झडपा ठरवायच्या त्या एका टर्मिनलवरून, आणि ते टर्मिनल जळलं होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी तसलंच जुनं मिळवलं, तर त्यावर नुसती उलटी प्रश्नचिन्हं येत होती.

सकाळच्या एसटीनं मी पोचले. तिथली इंजिनिअर अश्विनी, कराडचीच मुलगी, फाटकापर्यंत आली होती. डोळे तारवटलेले. चालता चालता तिनं सगळं सांगितलं. थंडीत दूध जास्त येतं, जास्तीच्या दुधाची पावडर होते. यंत्र बंद असल्यानं टाक्या भरत आल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही तर उद्याचं संकलन बंद ठेवायचा निरोप गावोगावी जाणार होता. आवारात टँकर ओळीनं उभे होते. त्यांच्यावरची गावांची नावं मी वाचत गेले. एक आमच्या बाजूचा होता. माझी वहिनी रोज सकाळी किटली घेऊन ज्या केंद्रावर जाते, तिथलं दूध त्यात असणार.

"मॅडम, लॅपटॉप जोडून बघितला मी," अश्विनी म्हणाली. "अक्षरं येतात, पण यंत्र सुरू करायला लॅपटॉपची बटणं त्याला कळत नाहीत. वेग मात्र मी शोधून काढलाय. अठ्ठेचाळीसशे. अक्षराला सात ठोके आणि एक तपासणीचा."

मी तिच्याकडं बघतच राहिले. जळालेल्या टर्मिनलसोबत ही माहितीही गेली होती. ती कुठून काढायची ह्याच काळजीत मी सांगलीपासून आले होते. "निम्मं काम तू केलंयस," मी म्हटलं. "आणि मॅडम नको."

टर्मिनलसमोर बसले. सेटअप दाबलं. पान उघडलं आणि मी थबकले. सगळं परक्या भाषेत. अक्षरं इंग्रजी, शब्द कळेनात, काहींच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं.

"जर्मन आहे," अश्विनी म्हणाली आणि तिनं मोबाइलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करायला घेतलं. पण ह्या जुन्या पडद्याचा फोटो नीट येत नाही, आडवे पट्टे पडतात. मोबाइल काहीच्या बाही सांगायला लागला.

मला यासीनभाई आठवले. त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं, तरी सेटअपवर त्यांचा हात कुणाला धरता येत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले होते, "वाचतंय कोण? मला जागा म्हाइत हाय. घरात अंधार झाला तरी पाण्याचा माठ घावतोय का न्हाई?"

मी शब्दांवरची नजर काढून घेतली आणि चौकोन बघायला लागले. पडदा हाच, रांगा ह्याच. खालच्या रांगेतला तो चौकोन, एंटर दाबलं की त्यातला शब्द बदलतो. बाणानं गेले, दाबलं. पान बदललं, पण फ्रेंच झालं. पुन्हा दाबलं. इंग्रजी आलं. अश्विनी खुर्ची ओढून जवळ बसली.

"आता आधी हे लोकल करायचं," मी तिला म्हटलं. "म्हणजे आपण दाबू ते आपल्यालाच दिसेल, यंत्राला जाणार नाही. नाहीतर आपण चाचपडायचं आणि तिकडं झडप उघडायची."

तिनं सांगितलेला वेग, ठोके, तपासणी, एकेक करून घातलं. मग यंत्राशी जोडलं. प्रश्नचिन्हं गेली, वाचता येण्यासारखं पान आलं. पण जिथं चौकटी कंस हवेत तिथं टिंबवाली अक्षरं. हे मी पूर्वी एकदाच, एका गिरणीत पाहिलं होतं. मेनूची भाषा बदलली तरी कीबोर्डची भाषा वेगळी ठरवावी लागते. ती अजून जर्मनच होती. तीही बदलली, आणि पान स्वच्छ झालं. तापमान, दाब, झडपा, सगळं आपापल्या रकान्यात.

"मावशी, पान दिसायला लागलं," अश्विनी म्हणाली, आणि उत्साहानं तिनं यंत्र सुरू करायला वरच्या रांगेतलं पहिलं बटण दाबलं. पडदा गोठला. तिचा चेहरा पांढरा पडला.

मला हसू आलं. "काही झालं नाही. दिवा बघ. थांबवायचं बटण आहे ते. परत दाब."

पडदा सुटला. पण सुरू करायचं बटण कोणतं, ते मला माहीत नव्हतं. टर्मिनल माझं, यंत्र तिचं. मी हात मांडीवर ठेवून बसले. अश्विनीनं डोळे मिटले, आणि मागच्याच महिन्यात नोकरी सोडून गेलेला ऑपरेटर यंत्र सुरू करताना कसा बसायचा ते आठवत बसली. "डाव्या हातात चहा असायचा त्याच्या," ती म्हणाली. "म्हणजे उजव्या हातानं दाबायचा. उजवीकडं, आकड्यांच्या वरचं." तिनं ते दाबलं. पलीकडच्या दालनात पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला, आधी बारीक, मग जमिनीतून पायाला जाणवेल इतका.

"आता हे जपून ठेवायचं," मी म्हटलं आणि सेव्हचा चौकोन दाखवला. मग तिला सगळं पहिल्यापासून करायला लावलं. टर्मिनल लोकल करून मी मुद्दाम घडी विस्कटायची, तिनं परत बसवायची. तिसऱ्यांदा तिनं पडदा न वाचता बसवली.

परत निघाले तेव्हा टँकरला पाइप लागले होते. आमच्या बाजूचा ड्रायव्हर टपावर बसून होता. मला बघून म्हणाला, "आवं मावशी, झालं म्हणं सुरू?"

"झालं," मी म्हटलं. वहिनीला फोन करून सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार? उद्या दूध घालायला जा, एवढंच. ती तशीही जाणारच होती.

महिन्याभरानं अश्विनीचा फोन आला. "मावशी, काल विजेचा झटका बसला. टर्मिनल सगळं विसरलं. जर्मनसुद्धा परत आलं."

मी पायात चपला सरकवल्या. "दहाची एसटी मिळेल मला. निघते."

"अहो नको. लावलं मी. चालू आहे यंत्र."

"एकटीनं?"

"एकटीनं."

मी चपला काढल्या. "मग फोन कशाला केलास?"

"इथं सगळे म्हणाले, झालं ना सुरू, चला. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्यांना कळणार आहे का, मी काय केलं ते?"

मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांग."